लाल दिव्याचे मानकरी

'ग्राहक घरी उपलब्ध नसल्याने आपली तक्रार बंद करण्यात येत आहे,' असा मेसेज परवा दुपारी सव्वातीनला मला आला, तेव्हा मी घरीच होतो. नुसता घरी नव्हे, टेबलाखाली पालथा, इंटरनेटच्या डब्यापासून वीतभर अंतरावर, तोंडात टॉर्च धरून. याहून जास्त उपलब्ध कसं व्हायचं ते कंपनीने कळवावं. मी तसा होईन.

इंटरनेट सोमवारी सकाळी गेलं. डब्यावर एरवी हिरवे दिवे लुकलुकतात, त्यांच्यात एक लाल लागला होता. त्याच्याखाली तीन अक्षरं, एल-ओ-एस. म्हणजे लॉस ऑफ सिग्नल. बाहेरून काचेच्या तारेतून जो उजेड घरात यायला हवा तो पोचत नाही, एवढाच त्याचा अर्थ. मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे २०१७च्या मे महिन्यात उतरले. आमच्या घरावर तो यंदा चढला, आणि मानमरातब मात्र शून्य.

या सगळ्या प्रकरणात पहिल्या मिनिटापासून खरं बोलणारा तो डबा एकटा होता. पण डब्याला विचारतो कोण? प्रत्येकाचा संशय माझ्यावर. माझासुद्धा माझ्यावरच! मी संगणकावर काळी खिडकी उघडून ८.८.८.८ला, म्हणजे गूगलच्या एका पत्त्याला, पिंग केलं, 'आहेस का?' अशी हाक मारली. उत्तर नाही. कुठल्यातरी सेटिंगमध्ये 'नेटवर्क रिसेट' नावाचं बटण सापडलं, ते दाबलं. त्यासरशी संगणक वायफायचा पासवर्डही विसरला, जो मला कधीच माहीत नव्हता. बंगळुरूच्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, राउटरच्या पोटावर लिहिलाय." म्हणून मी टेबलाखाली गेलो आणि पुढचे तीन दिवस जवळपास तिथेच राहिलो. बायकोने चहासुद्धा तिथेच सरकवला. "अहो, बाहेर याल तेव्हा तिथलं जळमट तेवढं काढा," म्हणाली.

कस्टमर केअरच्या मुलीला मी पहिल्याच वाक्यात सांगितलं की लाल दिवा आहे.

"समजलं सर. राउटर बंद करून तीस सेकंदांनी चालू कराल का?"

केला. लाल.

"सर, आपण ब्राउझर कोणता वापरता? त्याची कॅशे क्लिअर करून बघाल का?"

म्हणजे घरात नळाला पाणी नाही, आणि वॉर्ड ऑफिस विचारतंय, आपण तांब्या विसळला होता का? वर ती गोड आवाजात म्हणाली की तक्रार आमच्या ॲपवरून केलीत तर लवकर सुटते. ॲप कशावर चालतं हे तिला विचारायचं होतं, पण तेवढ्यात 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' सुरू झालं आणि ती सनई मी अकरा मिनिटं ऐकली.

आता समोरच्या काकांकडे वळतो. काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. चौतीस वर्षं नोकरी. 'खातं' हा शब्द ते जसा उच्चारतात तसा लोक 'माहेर' उच्चारतात. निवृत्तीनंतर सोसायटी हेच त्यांचं खातं. दर रविवारी दुपारी, नेमकी मी आडवा झालो की, जिन्यात त्यांची ठोकाठोक सुरू होते. कुणाची घंटी लटकलेली, कुणाचा नामफलक तिरका, काकांना बघवत नाही. 'नीटनेटकं' हा त्यांचा धर्म आहे.

मंगळवारी सकाळी ते लेंगा-बनियनवर आले, हातात टेस्टर.

"टोन येतोय का?"

"काका, याला टोन नसतो."

"टोन नसतो?" ते खुर्चीत बसले. "मग लाइन जिवंत आहे हे कळतं कसं?"

"दिवा लागतो."

"दिवा लागलाय की!"

"तो लाल आहे काका. हिरवा लागायला हवा."

"आमच्याकडे असले रंग नव्हते. टोन आला तर लाइन आहे, नाही आला तर नाही." मग त्यांनी मला तांब्याच्या तारांच्या जोडीबद्दल सांगितलं. एक्स्चेंजमधून अठ्ठेचाळीस व्होल्ट यायचे, बॅटरीवर. घरातली वीज गेली तरी फोन चालू. लोडशेडिंगमध्ये अख्खा महाराष्ट्र अंधारात बसायचा, पण फोन लागायचा. ओलं बोट जोडीला लावायचं, झिणझिणी आली की लाइन जिवंत. "आणि त्याच वेळी कुणाचा फोन येऊन घंटीचा झटका बसला तर?" मी विचारलं. "मग आपणच जिवंत आहोत हे कळायचं," काका म्हणाले.

हे खरं आहे, म्हणूनच जास्त चिडचिड होते. आमच्या या नव्या डब्याला स्वतःची वीज लागते. दिवे गेले की इंटरनेट गेलं, मग त्या डब्यालाच एक इन्व्हर्टर घ्या. प्रगती झाली ती एवढीच की आता तक्रार कुणाकडे करायची ते कळत नाही. पूर्वी १९८ फिरवायचं. पलीकडे माणूस असायचा. तो ओरडायचा, पण असायचा. (तो घरी यायला आठ-आठ दिवस लावायचा हे काका सांगत नाहीत. मी विचारतही नाही.)

तिथून काका ट्रंक कॉलवर, म्हणजे परगावच्या फोनवर, गेले. १८०ला बुक करायचा. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे तीन दर. लाइटनिंगला आठपट पैसे. कोण करायचं लाइटनिंग, असं मी विचारताच त्यांनी डोळे मिटले आणि तीन गावांतले चार मृत्यू सांगितले. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ला सर्वांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेही काकांच्या मते त्यांच्याच तांब्यावरून. "तुमचं ते किर्र किर्र करणारं यंत्र! रात्री अकरानंतर लोक फोन लावून ठेवायचे आणि सकाळी आम्हाला सांगायचे, लाइन एंगेज लागते." मला आठवतं ते. पानभर मजकूर उतरला की कॉल वेटिंगवर आत्याचा फोन मध्येच घुसायचा आणि सगळं पहिल्यापासून. आत्याला वाटायचं आम्ही मुद्दाम कापतो.

एवढं झाल्यावर काका अचानक उठले, टेबलाखाली वाकले, डब्यातून तारेचं हिरवं टोक खेचून काढलं आणि एक डोळा मिटून दुसरा त्याला लावला.

"काका! नको!"

"उजेड येतो म्हणालास ना? काही दिसत नाही."

"तो दिसत नसतो. इन्फ्रारेड आहे. चौदाशे नव्वद नॅनोमीटर. लेझर आहे, डोळ्याला बरा नाही."

काकांनी तार खाली ठेवली आणि माझ्याकडे, नातवाने थाप मारल्यावर बघतात तसं बघितलं. "दिसत नाही तो उजेड," ते म्हणाले. "बरं." मग टेस्टर खिशात घालून निकाल दिला, "फॉल्ट घरात नाही. फॉल्ट बाहेर आहे. लिहून ठेव."

त्याच दुपारी मी अनुपलब्ध ठरलो. दुसरी तक्रार केली. दुसऱ्या मुलीने पुन्हा ब्राउझर विचारला.

बुधवारी संध्याकाळी एक पोरगा आला, पाठीला सॅक. मला 'काका' म्हणाला, काकांना 'आजोबा'. दोघांनाही ते आवडलं नाही, पण पहिल्यांदाच कुणीतरी डब्याकडे बघितलं म्हणून मी गिळलं. त्याने तारेतला उजेड मोजायचं मीटर लावलं. "उणे एकतीस आहे. उणे अठ्ठावीसच्या खाली डबा पकडत नाही." मग त्याने पेनासारखा एक लाल लेझर काढला, तारेच्या टोकाला लावला आणि जिन्यात गेला. आम्ही दोघं मागे.

जिन्यात, काकांच्या दाराच्या चौकटीवर, एक आकाशकंदील लागला होता. माझी तार तिथून येते. पूर्वी ती सैल लोंबायची. आता तिचं जास्तीचं लांबण सुपारीएवढ्या वेटोळ्यात, एकावर एक, फुलबाजीच्या तारेसारखं घट्ट गुंडाळून, वर प्लॅस्टिकची पट्टी आवळून, खिळ्याला टांगलं होतं. आणि ते अख्खं वेटोळं लाल भडक चमकत होतं. ही तार म्हणजे केसाहून जेमतेम जाड काच, आणि तिच्या मधोमध उजेडाची वाट ९ मायक्रॉनची. फार वाकवली की उजेड वळणावर बाहेर सांडतो. माझं तीन दिवसांचं इंटरनेट काकांच्या दारावर सांडत होतं.

"कुणी बांधलं हे?"

"मी," काका म्हणाले. आवाजात अभिमान होता. "रविवारी. लोंबत होती. खात्यात असं चालत नसे."

"आजोबा, काच आहे ती."

"काच?" काका दोन पायऱ्या खाली उतरून परत आले. "काच जिन्यातून टाकतात का कुणी?"

पोरग्याने पट्टी कापली, तारेचं ताटाएवढं सैल कडं केलं, पुन्हा मीटर लावलं. उणे एकोणीस. हिरवा दिवा. मी काहीतरी बोलणार होतो. तीन दिवसांचं साठलेलं होतं. पण काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "म्हटलं नव्हतं? फॉल्ट बाहेर आहे. लिहून ठेव म्हटलं होतं."

म्हटलं होतं. चौतीस वर्षांचा अनुभव.

पोरग्याने ओटीपी घेतला आणि पाच तारे मागितले. दिले. मग मी कंपनीला फोन करून तीन दिवसांचे पैसे परत मागितले. महिन्याचे ५९९, वर अठरा टक्के जीएसटी धरून ७०६ रुपये ८२ पैसे; तीस दिवसांनी भागून तीन दिवसांचे ७० रुपये ६८ पैसे. रक्कम मोठी नाही, पण मी हिशोब पाठ करून बसलो होतो. मुलगी म्हणाली, सर, आपली पहिली तक्रार ग्राहक अनुपलब्ध म्हणून बंद झाली आहे, त्यामुळे ते दिवस धरता येत नाहीत. दुसरी चोवीस तासांत सुटली आहे. आणखी काही मदत करू शकते का?

आता हे लिहीत असताना जिन्यात स्टूल सरकवल्याचा आवाज आला. दार उघडलं तर काका, हातात पट्ट्यांचं पाकीट. "कसलं बावळटासारखं कडं सोडून गेलाय रे तो," म्हणाले. "दारावर बरं नाही दिसत."

हा लेख अपलोड होईपर्यंत मी त्यांना चहाला आत बोलावलंय. लाइटनिंग कॉलमधला तिसरा मृत्यू चालू आहे. दुसरा कप ठेवायला सांगितलाय.