राउटर फाइल घेतो की मागतो? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सादर नमस्कार.

फर्मवेअरचे, म्हणजे राउटरमधल्या मूळ सॉफ्टवेअरचे, अपडेट अर्धवट राहिल्याने बंद पडलेला राउटर टीएफटीपीने, म्हणजे केबलवरून फाइल पाठवण्याच्या एका साध्या पद्धतीने, पुन्हा सुरू करण्याविषयी मी लिहिले होते, त्यावर आपण भांडुपहून सविस्तर प्रतिक्रिया पाठवलीत. मी दिलेली ‘पुट’ आज्ञा, म्हणजे संगणकावरून राउटरला फाइल पाठवण्याची आज्ञा, दहा-बारा वेळा देऊनही दर वेळी ‘टाइमआउट’ (वेळ संपल्याचा संदेश) आला, सामान्य वाचकाला झाकण उघडून तारा जोडायला सांगणे बेजबाबदारपणाचे आहे, आणि दीड-दोन हजारांत नवा राउटर मिळत असताना हा खटाटोप कशासाठी, असे आपले म्हणणे आहे. यांतला पहिला आक्षेप पूर्णपणे बरोबर आहे. तिथे चूक माझी झाली आणि तिच्यामुळे आपली एक संध्याकाळ वाया गेली, याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे.

चूक कोणती, ते सांगतो. फर्मवेअर अर्धवट लिहिले गेले, तरी राउटर चालू होताना सर्वांत आधी चालणारा बूटलोडर हा छोटा प्रोग्राम फ्लॅश चिपच्या, म्हणजे राउटरच्या कायमस्वरूपी मेमरीच्या, वेगळ्या भागात असतो आणि नेहमीच्या अपडेटमध्ये त्याला सहसा हात लागत नाही. त्यामुळे बहुतेक वेळा त्याच्याच मदतीने राउटर परत उभा करता येतो. पण सगळे बूटलोडर एकाच रीतीने वागत नाहीत. काही राउटर स्वतः सर्व्हर होऊन थांबतात आणि संगणकाने फाइल ढकलली की ती घेतात. जुन्या लिंक्सिस आणि नेटगिअरच्या अनेक राउटरांची ही रीत आहे आणि ‘पुट’ आज्ञा त्यांच्यासाठीच आहे. दुसऱ्या प्रकारात राउटर स्वतःच फाइल मागतो आणि संगणकाने सर्व्हर होऊन ती द्यायची असते. आपण केलेल्या वर्णनावरून, म्हणजे रीसेट दाबून चालू केल्यावर डब्ल्यूपीएसचा दिवा लागतो यावरून, आपला राउटर बहुधा या दुसऱ्या प्रकारचा आहे. मागणाऱ्याला ढकलून काही मिळत नाही, आणि हा फरक मी लेखात सांगितलाच नव्हता.

टीपी-लिंकच्या आर्चर सी७ चे उदाहरण घेऊ. त्याचा बूटलोडर १९२.१६८.०.६६ या पत्त्यावर सर्व्हर शोधतो, म्हणून संगणकाच्या केबलच्या पोर्टला तोच पत्ता हाताने द्यावा लागतो. त्याला हव्या असलेल्या फाइलच्या नावात मॉडेल आणि हार्डवेअर आवृत्ती असते आणि शेवटी ‘टीपी रिकव्हरी’ हे शब्द असतात. आवृत्ती राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या लेबलवर छापलेली असते, ती आधी पाहावी. एका आवृत्तीची फाइल भलत्याच आवृत्तीला देऊ नये. उत्पादकाच्या ज्या फाइलच्या नावात ‘बूट’ हा शब्द असेल ती तशीच वापरू नये, कारण तिच्यात बूटलोडरही भरलेला असतो आणि तो चुकीच्या जागी लिहिला गेला तर सावरण्याचा हा मार्गच बंद होतो.

नावाबाबत अंदाज बांधत बसण्याचीही गरज नाही, हे मला माझ्या मेव्हण्याच्या राउटरने शिकवले. गिरगावातल्या त्यांच्या खोलीत रात्री साडेअकराला मी टीएफटीपी सर्व्हर सुरू करून बसलो होतो. दिवा लागत होता, पण पुढे काही घडत नव्हते. अखेर सर्व्हरच्या लॉगची, म्हणजे आलेल्या मागण्यांच्या नोंदींची, खिडकी उघडली, तर तिथे राउटर मागत असलेल्या फाइलचे पूर्ण नाव स्वच्छ लिहिलेले होते आणि माझ्या फाइलच्या नावात आवृत्तीचा आकडा चुकला होता. त्या आवृत्तीची फाइल उतरवून तिला तेच नाव दिले आणि पुढच्या प्रयत्नात ती काही सेकंदांत गेली. त्यानंतर चार-पाच मिनिटे राउटरला हात लावला नाही, कारण फाइल पोहोचल्यावरही चिप पुसून पुन्हा लिहायला वेळ लागतो आणि त्याच वेळी वीज तोडली तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

लॉग कोराच राहिला, तर दोन गोष्टी तपासाव्यात. नुसती केबल जोडलेल्या अनोळखी नेटवर्कला विंडोज ‘पब्लिक’ समजते आणि तिथे फायरवॉल (बाहेरून येणाऱ्या जोडण्या रोखणारा प्रोग्राम) टीएफटीपीसाठी वापरल्या जाणाऱ्या यूडीपीच्या ६९ क्रमांकाच्या पोर्टवर येणारी मागणी अडवू शकते. दुसरे असे, की राउटर बंद-चालू करताना लॅपटॉपचा पोर्टही बंद होऊन पुन्हा जागा होतो आणि तो जागा होईपर्यंत बूटलोडरची थांबण्याची वेळ संपून गेलेली असते. मध्ये एखादा साधा पाच पोर्टांचा नेटवर्क स्विच, म्हणजे केबली एकमेकींना जोडणारी छोटी पेटी, ठेवला की लॅपटॉपचा पोर्ट चालूच राहतो. माझ्याकडचा स्विच लॅमिंग्टन रोडवरून आणलेला जुनाच आहे आणि या कामात त्याने मला अनेकदा साथ दिली आहे.

झाकण उघडण्याबद्दलचा आपला आक्षेप मला अर्धा मान्य आहे. तो भाग मी लेखाच्या मध्यभागी घातला, तो अगदी शेवटी आणि स्पष्ट इशाऱ्यासह यायला हवा होता. पण तो काढून टाकणे मला योग्य वाटत नाही. भिंतीवरच्या ॲडॉप्टरमधून राउटरमध्ये साधारण ९ किंवा १२ व्होल्टचा डीसी प्रवाह येतो, त्यामुळे धोका माणसापेक्षा यंत्राला जास्त असतो. झाकणाखालची सीरियल जोडणी, म्हणजे तारांनी थेट बूटलोडरशी बोलण्याची सोय, बहुतेक राउटरांत ३.३ व्होल्टची असते, तिला ५ व्होल्ट दिले तर चिप जळू शकते. तारा तीनच जोडायच्या, ग्राउंड, टीएक्स (पाठवणारी) आणि आरएक्स (घेणारी). व्होल्टेजची तार मोकळी ठेवायची. मोबाइलच्या हॉटस्पॉटचा आधार नसताना सकाळी मुलीची ऑनलाइन परीक्षा असेल, तर हे करू नये, नवा राउटर आणावा. इंटरनेट कंपनीने दिलेल्या फायबरच्या पेटीला तर हातही लावू नये. ती बहुधा कंपनीच्याच मालकीची असते आणि आपल्या जोडणीची माहिती तिच्यात भरलेली असते.

नवा राउटर परवडतो हे खरे, पण जुना कचऱ्यात टाकण्याआधी तो खरोखर मेला आहे की फक्त एक फाइल मागतो आहे, एवढे तरी पाहायला हवे, या मतावर मी ठाम आहे. मूळ लेखात मी आजच दुरुस्ती केली आहे. आपण आज रात्री मध्ये स्विच ठेवून, संगणकाला वरचा पत्ता देऊन एकदा लॉग पाहाल का? त्यात जे नाव दिसेल ते आणि लेबलवरची आवृत्ती मला जशीच्या तशी कळवा. नेमकी कोणती फाइल लागेल ते मी आपल्याबरोबर शोधीन.