एक्स-रे साफ म्हणजे फुफ्फुस ठीक, असं नाही

गॅस लागलेल्या कामगाराचा एक्स-रे साफ आला की चिंता मिटली, असं एका लेखात म्हटलंय. हे पटलं नाही. अमोनिया पाण्यात लगेच विरघळतो, म्हणून डोळे-घसा जळतो आणि माणूस पळतो. नायट्रोजन डायऑक्साइडचं (नायट्रिक ॲसिडच्या टाकीवरचा तो तांबूस धूर) तसं नाही. तो फारसा झोंबत नाही, खोलवर जातो. फुफ्फुसात पाणी काही तासांनी भरू शकतं, आणि बरं वाटल्यावर २ ते ६ आठवड्यांनी बारीक श्वासनलिका व्रण पडून आकसू शकतात. एक्स-रेमध्ये हे आकसणं बरेचदा दिसतच नाही.

त्यामुळे हिंगणा-बुटीबोरीकडच्या (नागपूरजवळचे औद्योगिक भाग) कामगारांनी स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोरात फुंकून करायची फुफ्फुसाची तपासणी, मागावी. एकदा फुंकल्यावर साल्बुटामोल (श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध) ओढून घेऊन १५ मिनिटांनी पुन्हा फुंकायचं. पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा आणि पूर्ण फुंकरीतली हवा यांचं गुणोत्तर तरीही ०.७० खाली असेल तर नळ्यांत अडथळा आहे. कामावर लागतानाचा रिपोर्ट जपून ठेवा, तुलना त्याच्याशीच होते. फुंकर ६ सेकंदांआधी थांबवली तर आकडा उगाच चांगला दिसतो!

आणि एन-९५ मास्क धूळ अडवतो, गॅस नाही. गॅससाठी त्या-त्या गॅसचं कार्ट्रिज (गॅस शोषणारी डबी) बसवलेला मास्क लागतो, कार्ट्रिजही मुदतीतलं.