देण्याघेण्याच्या साड्या

गेल्या आठवड्यात माहेरी गेले होते, मानवतजवळ. मायची लोखंडी पेटी आवरायला घेतली तर तळापासून वरपर्यंत साड्याच. मोजल्या, 43 निघाल्या. बहुतेकांची घडीसुद्धा मोडलेली नाही. काहींना टाचणीनं चिठ्ठी लावलेली, कुणाच्या लग्नात आली त्याची. का, तर चुकून त्याच घरी परत जायला नको!

मराठवाड्यात हे कुणाला समजावून सांगायला नको. लग्न, बारसं, डोहाळजेवण, वास्तुशांती. दुकानात पाय ठेवला की पहिला प्रश्न, "ताई, नेसायची दाखवू का देण्याघेण्याची?" म्हणजे साडी विणणाऱ्यापासून देणाऱ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं की ही कुणी नेसणार नाही. तरी ती विणली जाते, रंगवली जाते, या पेटीतून त्या पेटीत फिरत राहते.

मायनं एका साडीच्या पदराचा दोरा ओढला आणि काडी लावली. सुती दोरा जळाला की कागद जळाल्यासारखा वास येतो, बोटात मऊ राख राहते. हा दोरा आक्रसला, वितळला आणि टोकाला काळा टणक मणी झाला. "कापूस न्हाई बाई ह्यो, पलास्टिक हाये. ह्याची वाकळ बी होत न्हाई."

तिच्या जुन्या सुती लुगड्याची वाकळ व्हायची. वाकळ विरली की पोतेरं, पोतेरं फाटलं की उकिरड्यावर, आणि तिथून खतासोबत परत रानात. पॉलिस्टर पेट्रोलियमचं. धुतलं की त्याचे बारीक तंतू पाण्यात जातात, टाकलं तर वर्षानुवर्षं कुजत नाही.

आणि हे सगळं कापसाच्या गावात. 2025-26 साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये. सरकी काढली की क्विंटलमागं साधारण 34 किलो रुई हाती येते. अर्ध्या किलोच्या सुती साडीला दीड किलोच्या आसपास कापूस लागतो. त्यातले शेतकऱ्याचे सव्वाशेसुद्धा होत नाहीत, तेही हमीभाव मिळाला तर. बोंडाच्या टोकांनी बोटं फाटलेल्या वेचणीवाल्या बायका मी लहानपणापासून बघते आहे, माय त्यांच्यातलीच.

आपल्या उदगीरला तिरंग्यासाठी खादी विणतात, नांदेडला झेंडे तयार होतात. 30 डिसेंबर 2021 ला ध्वजसंहिता बदलली आणि पॉलिस्टरच्या झेंड्यालाही परवानगी मिळाली. मला तेव्हा फार लागलं होतं ते.

रानात राबणारी बाई पॉलिस्टर नेसते, कारण ते स्वस्त असतं, लवकर वाळतं, इस्त्री लागत नाही. तिला कुणी एक शब्द बोलू नये. माझा राग आहे तो कुणीच न नेसायच्या साडीवर.

वहिनीला हे बोलले तर तिचा चेहरा उतरला. "रिकाम्या हातानं पाठवलं म्हणतील लोक." तिची अडचण खरी आहे, मान बाईचाच जातो. म्हणून सुरुवात मी माझ्यापासून करते. पाहुण्यांनो, मैत्रिणींनो, यापुढं मला आहेराची साडी देऊ नका. ओटीत गहू आणि खोबऱ्याची वाटी घाला, मी आनंदानं घेईन. माझ्याकडूनही साडी येणार नाही. राग मानू नका, लग्नसराईच्या आधीच सांगून ठेवते आहे.