टिंक्चर आयोडीन परत कपाटात ठेव, मावशी

परवा राजापूरला मावशीकडे गेलो तर ओटीवर पार्सल बांधणं चाललं होतं. मेतकूट, कुळथाचं पीठ, आमसुलं, आणि मधोमध जुन्या पंच्यात गुंडाळलेली टिंक्चर आयोडीनची बाटली. माझी मावसबहीण इंग्लंडात व्हाइटहेवनला फिजिओथेरपिस्ट आहे, तिच्यासाठी. हे कशाला, म्हणून विचारलं तर मावशीने मोबाइल पुढे केला. "वाच. रोज दोन थेंब दुधातून. डॉक्टरने लिहिलंय."

कुठल्या डॉक्टरने ते अर्थातच लिहिलेलं नव्हतं. तो मेसेज तुमच्याकडेही आला असेल, आमच्या तर तीन ग्रुपवर आला. थोडक्यात असा: इंग्लंडात कंब्रियाच्या किनाऱ्यावर सेलाफील्ड नावाचं जुनं अणुकेंद्र आहे, तिथे चेर्नोबिलहून मोठा बॉम्ब तयार बसलाय. ब्रिटिश सरकारने सेलाफील्ड लिमिटेड ही कंपनी सफाईसाठी नाही, झाकपाक करण्यासाठी ठेवलीय, 2125 पर्यंत नुसता पगार खायचा. रोज किरणोत्सर्गी पाणी गळतंय ते दाबून ठेवलंय. तिथली कबुतरंसुद्धा किरणोत्सर्गी. मुलांना रक्ताचा कर्करोग होतो. रशिया-चीनने कॉम्प्युटर ताब्यात घेतलेत. खासगी कंपनीला दिलं असतं तर दहा वर्षांत काम उरकलं असतं. तिकडे आपलं कोणी असेल तर आयोडीन घ्यायला सांगा. जैतापूरचंही हेच होणार. वीस जणांना पाठवा.

आयोडीनपासून सुरू करतो. बाकीचं वाचून फार तर झोप उडेल, हे वाचून माणूस दवाखान्यात जाईल.

मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, तेव्हा एवढं तरी अधिकाराने सांगतो: टिंक्चर म्हणजे अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं आयोडीन. खरचटलं, कापलं तर कातडीवर लावायचं. पोटात घ्यायचं औषध नव्हे ते. जास्त गेलं तर घशापासून पोटापर्यंतचं अस्तर भाजून निघतं, आणि रोज थोडं थोडं गेलं तर थायरॉइडचं तंत्र बिघडतं. माझ्या बहिणीला थायरॉइडची गोळी आधीच चालू आहे. म्हणजे आईच्या मायेने तिला नेमकं तेच पाठवायचं जे तिने घ्यायचं नाही. अणुअपघातात, थायरॉइडने किरणोत्सर्गी आयोडीन शोषू नये म्हणून, सरकार आयोडीनच्या गोळ्या वाटतं हे खरं, पण त्या वेगळ्या, मोजून दिलेल्या, आणि सांगतील तेव्हाच घ्यायच्या. त्यासुद्धा कोणी रोज चघळत नाही.

आता हे खूळ आलं कुठून? त्याला एक मूळ आहे. सेलाफील्डचं जुनं नाव विंडस्केल. ब्रिटनला अणुबॉम्बसाठी प्लुटोनियम हवं होतं म्हणून तिथे ग्रॅफाइटच्या दोन अणुभट्ट्या बांधल्या, पंख्याने हवा मारून थंड ठेवायच्या. 10 ऑक्टोबर 1957 ला त्यातली पहिली भट्टी आतून पेटलेली सापडली. टॉम टूही नावाचा अधिकारी स्वतः भट्टीच्या माथ्यावर चढून आत डोकावून पाहत होता. दुसऱ्या दिवशी पाण्याचे पाइप लावले, पंखे बंद करून हवा तोडली, तेव्हा कुठे आग विझली. तोवर चिमणीतून किरणोत्सर्गी आयोडीन बाहेर पडलं होतं. ते गवतावर बसलं, गवत गाईंच्या पोटात गेलं, तिथून दुधात. सुमारे 500 चौरस किलोमीटर भागातलं दूध काही आठवडे ओतून द्यावं लागलं. मेसेजातलं आयोडीन आणि दूध या दोन गोष्टी तिथल्याच असणार, फक्त कोणीतरी त्यांची उलटी खिचडी केलीय.

पण त्या आयोडीन-131 चं अर्धआयुष्य आठ दिवसांचं. आठ दिवसांत निम्मं, सोळा दिवसांत पाव, तीन महिन्यांत हजारातला एक भागही उरत नाही. 1957 चं आयोडीन 1958 च्या होळीपर्यंत संपलं. नवीन तयार व्हायला चालू अणुभट्टी लागते, आणि सेलाफील्डवरच्या शेवटच्या भट्ट्या, म्हणजे 1956 मध्ये राणीने उद्घाटन केलेल्या कॅल्डर हॉलच्या चार, 2003 मध्ये कायमच्या बंद झाल्या. आज तिथे धोका आहे तो सीझियम, स्ट्रॉन्शियम, प्लुटोनियम असल्या जुन्या मंडळींचा. त्यांच्यापुढे आयोडीनची बाटली रिकामी केली तरी उपयोग शून्य.

हे सगळं मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "बरं, पण पाणी गळतंय ते?"

गळतंय. इथे मला मान खाली घालावी लागते. मॅग्नॉक्स स्वार्फ सायलो (सायलो म्हणजे कोठार) नावाची एक इमारत आहे, 1960 च्या दशकातली. अणुइंधनाच्या कांडीवरचं मॅग्नेशियमचं साल सोलून काढायचं आणि ती सालं पाण्याने भरलेल्या कप्प्यांत वरून टाकून द्यायची, असे 22 कप्पे. तळातून पाणी जमिनीत झिरपतंय. 1970 च्या दशकातही ती गळली होती, आता पुन्हा काही वर्षं गळतेय. ब्रिटिश संसदेच्या लोकलेखा समितीने जून 2025 मध्ये हिशेब मांडला की दर तीन वर्षांनी एक ऑलिम्पिक तरणतलाव भरेल एवढं. भागाकार करा: दिवसाला सव्वादोन हजार लिटरच्या आसपास. मे महिन्यात आपल्या वाडीत येणारा दहा हजार लिटरचा टँकर भरायला चार-साडेचार दिवस. थोडं नाही. ते इमारतीखालच्या जमिनीत मुरतं, लोकांना आज त्याचा धोका कमी आहे असं कंपनीच्या मालक संस्थेचं म्हणणं. पण इमारत रिकामी होईपर्यंत गळती थांबणं कठीण, आणि रिकामी व्हायला 2050 चं दशक उजाडणार.

मात्र "दाबून ठेवलंय" हे कुठून आणलं? मी जे वर लिहिलं ते छापील, जाहीर, संसदेपुढे ठेवलेलं आहे. आपल्याकडे कॅग तसं तिकडे राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालय. त्यांनी ऑक्टोबर 2024 मध्ये सेलाफील्डवर अख्खा अहवाल काढला. साफसफाईचा एकूण अंदाज 136 अब्ज पौंड (आपले 15 लाख कोटींच्या घरात), 2019 च्या अंदाजापेक्षा महागाई वगळूनही जवळजवळ 19 टक्के जास्त, आणि काम चालणार 2125 पर्यंत. 2023-24 या एका वर्षाचा खर्च 2.7 अब्ज. जुन्या धोकादायक इमारती रिकाम्या करण्याचं वेळापत्रक घसरलंय, हेही त्यातच. मेसेजवाल्याने 2125 हा आकडा त्याच अहवालाच्या बातमीतून उचलला असणार. ज्यांनी लपवलं म्हणून बोंब मारायची, त्यांच्याच जाहीर हिशेबातून आकडा घ्यायचा!

शंभर वर्षं म्हणजे पगार खाणं, हाही मुद्दा घेऊ. आमच्याकडे नाही, पण घाटावर धान्य साठवायला जमिनीत पेव असायचं. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, हे तिथल्या पोरालाही ठाऊक. कोंडलेल्या हवेत माणूस जागच्या जागी पडतो. सेलाफील्डला 1950 च्या दशकात एक सायलो बांधला तो खरोखरच धान्याच्या कोठाराच्या नकाशावरून. इंधनाचं साल वरून टाकायचं, बस्स. खालून, बाजूने काढायची सोय कोणी ठेवलीच नाही. आत काय कुठे पडलंय याची धड नोंद नाही. हवा लागली तर आतला माल पेट घेईल म्हणून सायलोत आरगॉन वायू भरून ठेवलेला. आता त्याच्या भिंतीला सहा भोकं पाडून, त्यांवर जाड पोलादी दारं बसवून, यंत्राच्या पंजाने थोडं थोडं बाहेर काढायचं. पहिला घास बाहेर आला ऑगस्ट 2023 मध्ये. सत्तर वर्षांनी! शेजारच्या पाण्याच्या सायलोत वेगळी तऱ्हा: मॅग्नेशियम आणि पाणी मिळून हायड्रोजन तयार होतो, म्हणजे तिथे ठिणगी नको. एका जुन्या इंधनकुंडात 2022 च्या डिसेंबरात साठेक वर्षांनी प्रथमच पाणबुड्या उतरवला, तोही मोजून मापून. कंपनी ढिली आहे की नाही यावर वाद घाला, लेखापरीक्षकही घालतात. पण हे जेसीबी लावून उरकायचं काम नाही. पाप 1950-60 च्या घाईचं आहे. बॉम्ब हवा होता, कचऱ्याचं नंतर बघू.

खासगीला दिलं असतं तर? दिलं होतं की. 2008 मध्ये अमेरिकी, ब्रिटिश आणि फ्रेंच अशा तीन कंपन्यांच्या भागीदारीकडे सेलाफील्ड चालवायला दिलं. खर्च फुगला, कामं रखडली, टीका झाली, 2015 मध्ये सरकारने करार मोडायचं जाहीर केलं आणि 1 एप्रिल 2016 पासून सेलाफील्ड लिमिटेड पूर्णपणे न्यूक्लियर डीकमिशनिंग ऑथॉरिटी या, जुनी अणुकेंद्रं मोडीत काढणाऱ्या सरकारी संस्थेच्या मालकीची झाली. तुम्ही सुचवताय तो प्रयोग करून, हात पोळून मग ही सरकारी कंपनी आलीय.

कबुतरं. हो, हे खरं आहे, आणि मला ते लिहिताना हसू येतंय. 1998 मध्ये सेलाफील्डच्या इमारतींवर बसणारी कबुतरं शेजारच्या सीस्केल गावात एका बागेत दाणे खायला येत, त्यांच्या अंगावर किरणोत्सर्ग सापडला. दहा मैलांच्या परिसरातली कबुतरं हाताळू नका, खाऊ नका, असा सरकारी सल्ला निघाला आणि पुष्कळ कबुतरं मारली. पण ते 1998. मेसेजात ते कालपरवाचं करून टाकलंय.

हॅकिंगचंही अर्धंच. 2023 मध्ये एका ब्रिटिश वृत्तपत्राने तसा आरोप केला होता. कंपनीने कोर्टात कबूल केलं ते कॉम्प्युटर सुरक्षेचे नियम 2019 ते 2023 मध्ये नीट न पाळल्याचं, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये 3,32,500 पौंड दंड भरला. त्या त्रुटींचा कोणी फायदा घेतल्याचा पुरावा नाही असं नियामकाचं म्हणणं. दाराला कडी नव्हती म्हणून दंड झाला, चोर आत बसलाय असं नव्हे.

चेर्नोबिलसारखा स्फोट? भट्टी चालूच नाही तर तसा स्फोट कशाचा? तरी "काहीच होणार नाही" असं मी लिहिणार नाही. तिथे अतिकिरणोत्सर्गी द्रवाच्या टाक्या आहेत, त्या सतत थंड ठेवाव्या लागतात. 1957 मध्येच सोव्हिएत रशियात मायाकला अशीच एक टाकी थंडावा बंद पडल्याने फुटली होती. म्हणूनच सेलाफील्डला 1990 च्या दशकापासून तो द्रव काचेत गोठवून ठेवायचं चाललंय. जागा धोक्याची आहे. "कधीही फुटणारा बॉम्ब" नाही.

मुलांच्या आजाराचं मी मुद्दाम मागे ठेवलं, कारण मावशीचा आवाज तिथे बदलला. बहिणीला पाच वर्षांचा मुलगा आहे. सीस्केलमध्ये मुलांना ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, अपेक्षेपेक्षा जास्त झाला, हे खरं. 1983 मध्ये एका टीव्ही कार्यक्रमाने ते बाहेर काढलं, 1984 मध्ये सरकारी समितीने प्रमाण जास्त असल्याचं मान्य केलं. पण बाहेर पडणाऱ्या किरणोत्सर्गाच्या हिशेबात ते बसेना. बाहेरगावाहून एकदम खूप कुटुंबं आल्याने एखादा संसर्ग पसरला असेल, असाही एक तर्क आहे. वाद मिटलेला नाही. मात्र 1991 नंतरच्या नोंदींत ते वाढीव प्रमाण दिसत नाही. बहिणीचं घर तिथून 15 किलोमीटरवर आहे. हे मी मावशीला दोनदा सांगितलं, दुसऱ्या वेळी हळू आवाजात.

राहिलं जैतापूर. मी प्रकल्पाच्या बाजूचा नाही, आणि हेच तर मला झोंबलं. विरोध करायला खरी माहिती कमी आहे का? आपल्याकडे अणुवीज विकताना दर युनिटमागे 2 पैसे भट्टी पुढे मोडीत काढण्यासाठी बाजूला पडतात. ते पुरतील का? तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या 1969 च्या, त्या मोडीत काढायची वेळ येईल तेव्हा कोण काढणार, किती वर्षांत? हे ग्रामसभेत विचारा, लेखी विचारा. तिथे कबुतरांचा मेसेज दाखवलात तर समोरचा साहेब हसेल आणि पुढच्या विषयाला जाईल.

बाटली मी घेऊन आलो. पार्सलात तिच्या जागी आगळाची बाटली गेली. मावशीने ग्रुपवर लिहिलं, "भाचा म्हणतो आयोडीन देऊ नका." खाली पहिलं उत्तर आलं: "मग हळद चालेल का?"