‘नऊ इंचांपर्यंत सगळे माफ’ म्हणणाऱ्यांसाठी

गेल्या रविवारी वेंगुर्ल्याच्या मावशीने फोन करून विचारले, ‘‘रे बाबू, ह्यो सुरो आपल्या चेडवाक मागवूया काय?’’ चेडू म्हणजे तिची नात, यंदा मुंबईला कॉलेजात जाणारी. आणि सुरा म्हणजे सध्या आमच्याकडच्या झाडून साऱ्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरणाऱ्या एका संदेशातला दोन पात्यांचा, खटका दाबताच उघडणारा चाकू. संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: भारतात नऊ इंचांपर्यंतचा कोणताही चाकू बाळगायला पूर्ण मुभा आहे; संग्रहासाठी घेतलेल्या चाकूला तर कायदाच लागू नाही; दोन पाती म्हणजे ‘दुहेरी संरक्षण’, म्हणून प्रत्येक मुलीच्या पर्समध्ये तो हवा; पाते इतक्या जोराने सुटते की लाकडी दारात रुतते; पोलाद दमास्कसचे असल्यामुळे ते गंजत नाही; आणि ही युक्ती मुळात शिवकालीन, इंग्रजांनी ती पळवली. खाली किंमत, क्यूआर कोड आणि ‘संग्राहकांसाठी मर्यादित नग’ अशी ओळ. मावशीने पैसे पाठवण्याआधी विचारले, हे तिचे शहाणपण. ज्यांनी विचारले नाही त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

मला या वस्तूचे वावडे नाही. जुने अडकित्ते आणि घडीचे चाकू मी अनेक वर्षे जमवत आलो आहे, आणि एका मुठीत दोन स्वयंचलित पाती कशी बसवावीत या कोड्याचे आराखडे काढण्यात माझ्या कित्येक पावसाळी दुपारी गेल्या आहेत. म्हणूनच या संदेशाचा राग जास्त येतो.

नऊ इंचांची गोष्ट अर्धी खरी आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. शस्त्र अधिनियम १९५९ खालच्या २०१६ च्या नियमांत शस्त्रांचे वर्ग पाडले आहेत आणि पाचव्या वर्गात धारदार शस्त्रांची नोंद आहे. नऊ इंच तेथूनच उचलले आहेत. पण उचलणाऱ्याने वाक्य अर्ध्यावर तोडले. मूळ नोंदीत नऊ इंचांहून लांब ‘किंवा’ दोन इंचांहून रुंद असे आहे; शिवाय घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामासाठी घडवलेली हत्यारे तीतून वगळली आहेत. तलवार, गुप्ती, खंजीर, संगीन ही नावे आधी येतात आणि मोजमाप त्यानंतर, चाकू, कृपाण, कुकरी यांच्या शब्दांपाशी येते. ते खंजिरालाही लागू पडते की नाही, हा वाद वकिलांनी घालावा. आपल्याला कळायला हवे ते इतकेच की कायदा पट्टी हातात घेण्याआधी वस्तू कशासाठी घडवली आहे हे पाहतो. माडावर चढणाऱ्याच्या कमरेच्या आकडीला लटकणारा कोयता या चाकूच्या दुप्पट असतो, आणि त्याला परवाना कोणी मागत नाही, कारण तो नारळ उतरवण्यासाठी आहे. ज्या चाकूची जाहिरातच ‘हल्लेखोराला धडा शिकवा’ अशी केली आहे, त्याच्या मालकाला तो आंबे कापण्यासाठी घेतला होता असे सांगता येणार नाही. विक्रेत्याने ग्राहकाचा बचाव स्वतःच्या हाताने आधीच खोडून ठेवला आहे.

‘भारतात’ हा शब्दही तितकाच सैल आहे. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेत स्प्रिंगचे, गरारीदार (दातेरी कळीवर अडत अडत उघडणारे) आणि बटनदार चाकू नावानिशी घेतले आहेत आणि तेथे मोजमाप ७.६२ सेंटिमीटर लांबी व १.७२ सेंटिमीटर रुंदीपासून सुरू होते. म्हणजे रत्नागिरीला मंगला एक्स्प्रेसमध्ये बसताना ‘नऊ इंचांच्या आत’ असलेला चाकू निजामुद्दीनला उतरताना तीन इंचांच्या बाहेर गेलेला असतो. आपल्या राज्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम ३७ आहे. सणासुदीच्या आणि निवडणुकीच्या दिवसांत ‘जिल्ह्यात मनाई आदेश लागू’ अशी चौकट वर्तमानपत्रात येते, ती याच कलमाखाली. आणि तो आदेश लागू असताना चाकूच काय, लाठीसुद्धा घेऊन फिरता येत नाही. शिमग्यात आणि गणपतीत गावी येणाऱ्या मुलीच्या पर्समध्ये आपण नेमके काय ठेवायला सांगत आहोत, याचा विचार संदेश पुढे ढकलणाऱ्या काकांनी करावा.

आता ‘दुहेरी संरक्षण’. माझ्या मते साऱ्या संदेशातला सर्वांत घातक आणि सर्वांत हास्यास्पद भाग हाच आहे, आणि तो लिहिणाऱ्याने असा चाकू कधी हातात धरलेला नाही याची मला खात्री आहे. एक तर त्याला दुधारी आणि दुपाती यांतला फरक माहीत नाही. एका ओळीत दोन पाती म्हणतो आणि दुसऱ्या ओळीत ‘दोन्ही बाजूंनी धार’. चित्रातला चाकू दुपाती आहे, मुठीच्या दोन टोकांतून एकेक पाते उघडणारा. असा नमुना मी शिवणीच्या लाकडात दुप्पट आकाराचा करून पाहिला आहे, पाती प्लायवुडची आणि स्प्रिंगा मोडक्या बॉलपेनांतल्या. पहिले पाते उघडले की मूठ हातात नीट बसते. दुसरे उघडले की त्याचे टोक थेट मनगटाच्या आतल्या बाजूला, आपल्याच शिरांकडे वळते. मूठ उलटी धरली की पहिले पाते तिकडे येते. प्लायवुडच्या टोकाने माझ्या मनगटावर उठलेला ओरखडा चार दिवस होता. तेथे पोलाद असते तर हा लेख दुसऱ्या कोणाला लिहावा लागला असता.

शिवाय दोन पात्यांना दोन स्प्रिंगा, दोन खटके, दोन अटकाव आणि पर्समध्ये चुकून दाब पडून पाते उघडू नये म्हणून दोन सुरक्षाकळा लागतात. हे सारे एका मुठीत बसवायचे तर मूठ जाड करावी लागते, नाहीतर पाती बारीक करावी लागतात आणि एकमेकांना घासून धार जाऊ नये म्हणून त्यांच्यामध्ये जागा सोडावी लागते. कारागिराची कसोटी तेथेच लागते आणि संग्राहक पैसे मोजतो ते या कसबासाठी. अंधाऱ्या रेल्वेपुलावर घाबरलेल्या अठरा वर्षांच्या मुलीने पर्सची चेन उघडावी, चावी आणि पावडरच्या डबीमधून तो शोधावा, सुरक्षाकळ सरकवावी, दोनांतला बरोबर खटका दाबावा आणि मग तो हातातून हिसकावला जाऊ देऊ नये, ही अपेक्षा ज्याला सुचते त्याने एकदा आपल्या घरातल्या मुलीला डोळे मिटून हे करायला लावावे. तिच्या फोनवर ११२ आणि रेल्वेसाठी १३९ हे दोन आकडे आधी आहेत का, तेही पाहावे.

दारात रुतण्याची कथा ऐकून तर हसू आवरत नाही. समोरून पाते बाहेर फेकणाऱ्या दुहेरी क्रियेच्या, म्हणजे एकाच कळीने पाते बाहेर काढणाऱ्या आणि आत घेणाऱ्या, चाकूत बंद अवस्थेत स्प्रिंग ताणलेली नसते. अंगठ्याने कळ सरकवता सरकवता ती ताणते, सुरुवातीला पात्याला धक्का देते आणि उरलेले अंतर पाते स्वतःच्या वेगाने कापते. मध्ये काही आडवे आले तर ते तेथेच थांबते, अटकावापर्यंत पोचत नाही आणि ढिले होऊन लटकते. मग हाताने ओढून पुन्हा जागेवर बसवावे लागते. दार शाबूत राहते.

संग्रहाला कायदा लागू नाही, हे निखालस खोटे आहे. त्याच शस्त्र अधिनियमाचे कलम १० परदेशातून शस्त्र आणायला सर्वसाधारणपणे परवाना मागते आणि त्या कलमात कोठेही इंच लिहिलेले नाहीत. जेथे हे चाकू कलाकृती म्हणून घडतात, तेथेही रान मोकळे नाही. अमेरिकेने १९५८ साली त्यांच्या आंतरराज्य व्यापारावर निर्बंध आणले, ब्रिटनने १९५९ साली त्यांची निर्मिती आणि विक्री बंद केली. अमेरिकी कायद्यात एकच हात असलेल्या माणसाला तीन इंचांपर्यंतचा असा चाकू जवळ ठेवायची सवलत आहे. मला ही तरतूद फार आवडते; कायदा करणाऱ्याने वस्तूचा खरा उपयोग कोणाला आहे, हे विचारलेले तेथे दिसते.

गंजाबद्दल कोकणातल्या माणसाला सांगायचे म्हणजे माशाला पोहायला शिकवायचे. दमास्कस म्हणून आज जे विकतात, ते बहुधा दोन कार्बन पोलादांचे थर ठोकून आणि आम्लात बुडवून नक्षी उठवलेले असते, आणि खाऱ्या वाऱ्यात ते आठवड्यात तांबूस होते. पात्याला तेल पुसता येते; मुठीच्या आतली स्प्रिंग गंजली तर खटका दाबून काहीच होत नाही.

राहिला इतिहास. दोन पात्यांचे बिचवे होते, मूठ आवळताच एका पात्याचे तीन होणाऱ्या कट्यारीही भारतात होत्या, आणि त्या पाहून कोणालाही अभिमान वाटावा; एवढे मी खुशीने देतो. पण बिचव्याची पाती जागची हलत नाहीत आणि त्या कट्यारी हाताच्या जोरावर उघडतात. खटका दाबून उघडणाऱ्या घडीच्या चाकूंचे अमेरिकेतले पेटंट न्यूयॉर्कच्या जॉर्ज श्रेडने १८९० च्या दशकात घेतले. मावशीच्या फोनवर मी ते ‘शिवकालीन’ चित्र मोठे करून पाहिले. मुठीवर भवानीमातेचा छाप आहे, खिशाला अडकवायची क्लिप आहे, आणि ती क्लिप तीन टॉर्क्स, म्हणजे डोक्यावर चांदणीसारखी खाच असलेल्या, स्क्रूंनी बसवलेली आहे. टॉर्क्स स्क्रू १९६७ सालचे आहेत.