चित्रातला तो आडवा माणूस

डच चित्रकार रेम्ब्रांटचं, डॉ. टुल्प करत असलेल्या शवविच्छेदनाचं चित्र मी दरवर्षी मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना दाखवते. १६३२ सालचं. "काय दिसतंय?" विचारलं की हात धडाधड वर होतात. डावा हात उघडलाय, चिमट्यात फ्लेक्सर, म्हणजे बोटं वाकवणारे स्नायू धरलेत, कुठून निघतात, कुठे चिकटतात. व्हायवाची, तोंडी परीक्षेची, तयारी चोख. मग मी विचारते, तो आडवा माणूस कोण? वर्ग गप्प.

तो आरिस किंट. चोर. त्याच वर्षी फाशी दिलेला. भोवती सात जण दाटीवाटीनं जमलेत. कुणी ग्रंथाकडे बघतंय, कुणी थेट चित्राबाहेर, आपल्याकडे. आणि आत्ता आपणही तेच केलं, हे मुलांना वेगळं सांगावं लागत नाही.

येलमध्ये त्वचारोगतज्ज्ञ अर्विन ब्रेव्हरमन विद्यार्थ्यांना चित्रं बघायला कलादालनात नेत. त्यानं मुलांचं निरीक्षण सुधारतं, असं २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. छानच आहे. पण मेडिकलच्या अभ्यासक्रमात कलेचा तास मागताना फक्त हाच मुद्दा पुढे केला की मला खटकतं. नीट बघता येणं हे कौशल्य झालं. आपण कसले डॉक्टर होत चाललोय, हा प्रश्न निराळा.

माझंच सांगते. इंटर्नशिपमध्ये एकदा घरी फोनवर म्हणाले, "आज माझी सिरोसिसची केस गेली." आई म्हणाली, "केस गेली म्हणजे? कोण गेलं?" मला नाव आठवेना. आठ दिवस रोज त्या माणसाचं रक्त काढत होते मी.

असं बोलायला मला कुणी शिकवलं नव्हतं. सीनियर तसं बोलायचे, आणि तसं बोललं की आपण त्यांच्यातले वाटायचो. समाजशास्त्रज्ञ फ्रेडरिक हॅफर्टी यांनी १९९४ मध्ये वैद्यकीय शिक्षणातल्या याच 'छुप्या अभ्यासक्रमा'वर बोट ठेवलं. त्याची परीक्षा नसते, तरी त्यात सगळेच पास होतात.

म्हणून मला रीटा शॅरन यांची युक्ती आवडते. त्या फिजिशियन, शिवाय इंग्रजी साहित्याच्या पीएचडी. विद्यार्थ्यांना त्या एक समांतर केसपेपर लिहायला लावतात, साध्या भाषेत. पेशंटबद्दल जे हॉस्पिटलच्या कागदात बसत नाही पण कुठेतरी लिहायलाच हवं, ते त्यात. मग सगळ्यांनी बसून ते वाचायचं.

आता यालाही मार्क द्यायची टूम निघालीय. कृपा करून नको. मार्क ठेवले की तिसऱ्या दिवशी 'मला अश्रू अनावर झाले' छापाचे तयार नमुने मोबाईलवर फिरू लागतील. (मीही विद्यार्थी असते तर फिरवले असते.)

दुसरं म्हणजे, हे सगळं पहिल्या वर्षात उरकून टाकू नका. गरज लागते ती वॉर्डात पाऊल टाकल्यावर. आणि तिथे सीनियरनंही लिहायला हवं. सकाळी राउंडला 'बेड नंबर सात'वर विनोद करायचा आणि दुपारी मुलांना कविता वाचायला पाठवायचं, तर मुलं सकाळचंच शिकणार.

माझ्या लेखन-गटात सीनियरनंही लिहायची अट आहे. गेल्या खेपेला एका ज्येष्ठ सर्जननी चारच ओळी वाचल्या, वीस वर्षांपूर्वीच्या एका पेशंटबद्दल. नाव त्यांना आठवत होतं. आम्हाला सांगितलं नाही.