ताईंवर भार नको म्हणे!

आमच्या आईला राग येत नाही. येत असला तरी ती तो प्रार्थनेत जिरवते. मला ती कला जमलेली नाही, म्हणून हे लिहितेय.

रविवारची उपासना साडेआठला. आई त्याआधी तासभर चर्चमध्ये. वेदीवरची फुलं तिने लावायची, शब्बाथशाळेची, म्हणजे रविवारच्या बायबलच्या वर्गाची, पोरं तिने आवरायची आणि मागच्या खोलीत चहाचं आधणही तिनेच चढवायचं. उपदेश रंगात आला की ती बाकावरून हळूच उठते, कारण दूध उतू जाईल. शेवटचा आशीर्वाद झाला की मंडळी बाहेर येते आणि कपात नाक घालून पहिलं वाक्य काय, तर "ताई, आज आलं कमी पडलं का हो?" किसणी तिथेच आहे, काका. या की आत!

मध्ये एकदा मार्था आणि मरीयेवर उपदेश झाला. लूकचा दहावा अध्याय. मार्था कामात गुंतली, मरीया प्रभूच्या पायाशी बसली, मरीयेने चांगला वाटा निवडला, वगैरे. संपल्यावर एक गृहस्थ आईला म्हणाले, "ताई, तुम्हीही कधीतरी मरीया व्हा." आणि वर अर्धा कप आणखी मागितला. मार्था खरंच चुलीपुढून उठली असती तर त्या दिवशी पाहुण्यांना जेवायला काय मिळालं असतं, हे काही लूकने लिहिलेलं नाही.

पुण्यात तर मिशनच्या चहाला इतिहास आहे. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या टिळक-रानड्यांपुढे चहा-बिस्किटं आली आणि त्यावरून गावात ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, माजलं. कोण प्यायलं, कोणी प्रायश्चित्त घेतलं, यावर आजही पानंच्या पानं लिहिली जातात. तो चहा केला कोणी, हे मी तरी कुठे वाचलेलं नाही.

त्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी विधवा-मुलींसाठी काढलेलं शारदा सदन मुंबईहून पुण्यात आणलं. ५ एप्रिलला त्यांच्या स्मृतिदिनी आमच्याकडे जोरदार भाषणं होतात. बाईंनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून अख्खं बायबल मराठीत आणलं, केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये बायकांनीच छपाईचे खिळे जुळवून ते छापलं, हे माइकवरून ऐकवतात कोण? ओळीने बसलेले पुरुष. टाळ्या संपल्या की वडे वाटायला आमच्या आया-मावश्या!

ससूनमध्ये गावाकडचा कोणी पेशंट असला की त्याच्या नातेवाइकांना डबा आईचा. कोणाकडे मयत झाली की त्या घरात आधी पोचणार ती. याबद्दल माझी तक्रार नाही, तिला ते मनापासून आवडतं आणि ती ते कोणी न सांगता करते. पण चर्चच्या ग्रुपवर मेसेज पडतो, "कोणीतरी कागदी कपांची सोय करावी." ग्रुप भरलेला. सगळे हात जोडून मोकळे. संध्याकाळी आई गुडघ्याला क्रेप बँडेज बांधून बोहरी आळीत. रिक्षाचे पैसे मागायचे असतात हे तिच्या गावीही नाही. हंगामाच्या सणाला तिनेच मार्केट यार्डातून आणलेला भोपळा लिलावात चढ्या भावाने जातो आणि घेणाऱ्याचं नाव माइकवरून तीनदा पुकारतात. आणणारीचं? सोडा.

डिसेंबरमध्ये तर विचारूच नका. रात्री उशिरा कॅरलवाली पोरं गिटार घेऊन दारात. "आंटी, गरम काहीतरी!" आंटी दिवसभर करंज्या तळून बसलेली. पोरांवर माझा राग नाही, ती बिचारी थंडीत गात तरी असतात. राग आहे तो त्यांच्यासोबत येऊन सोफ्यावर ऐसपैस बसणाऱ्या आणि "माझ्यात साखर नको" एवढंच गाणाऱ्या मोठ्यांवर.

आणि यंदा कहर झाला. महिला मंडळाने चर्चचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीसाठी आईचं नाव सुचवलं. तिच्याइतकी मंडळीतली घरं कोणाला ठाऊक आहेत? कोणाचं रेशन अडलंय, कोणाच्या पोरीची फी राहिलीय, सगळं तिला पाठ. तर एका सदस्यांनी फार काळजीने मान हलवली. "ताईंवर आधीच किती भार आहे, आणखी नको टाकायला." वा! पातेली उचलताना भार दिसला नाही. महिन्यातून एकदा खुर्चीत बसून मत द्यायचं म्हटल्यावर दिसला.

आई घरी येऊन म्हणाली, "जाऊ दे गं, प्रभू बघतो." बघतो ना! मग त्याला हेही दिसलं असेल की नाव बाद झाल्यावर मीटिंगचा चहा तिनेच आत नेऊन दिला.

तर येत्या रविवारी आई पहिल्या बाकावर बसेल, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला बाबा. शेवटच्या आशीर्वादापर्यंत. मागच्या खोलीची किल्ली सेक्रेटरीसाहेबांच्या घरी पोचती केली आहे. मोठं पातेलं जड आहे, दोघांनी धरायचं. आणि धुऊन पालथं घालायचं.